टेबल टेनिसचे ३८० चेंडू आणि एक चेताटोक : प्रकल्प नोंदी

१३ नोव्हेंबर २०२४, लातूर

दिवाळीनंतरची विज्ञान मंडळाची पहिली बैठक. २८ फेब्रुवारीच्या प्रदर्शनासाठी ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन या दोन्ही सूचना बाजूला ठेवल्या. दरवर्षी तेच होतं. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्राच्या मुलांना घेऊन मेंदूतल्या चेतापेशीचं टोक करायचं ठरलं. एका पेशीचा अक्षतंतू जिथं पुढच्या पेशीला निरोप देतो, ती फुगीर गाठ आतून उघडून दाखवायची.

आमच्या मुलांना ही आकृती तोंडपाठ आहे. लातुरात नीटची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, काढून दाखवेल. एक बोंड, त्यात पाच-सहा गोल, खाली फट, फटीत ठिपके. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर हेच काढते. आज विचारलं, "हे गोल आत कशाच्या आधारानं थांबलेत?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "तरंगायलेत की मॅडम." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आकृती पाहून दुसरं काही वाटण्याचं कारणही नाही. ते तरंगत नसतील तर कशाला धरून असतात, हे मॉडेलमध्ये दिसलं पाहिजे. बाकी सगळं दुय्यम.

प्रमाण लगेच ठरलं: एक नॅनोमीटर म्हणजे एक मिलिमीटर. १० लाख पट. याचा फायदा असा की शोधनिबंधातला कुठलाही आकडा घ्या आणि पट्टी उचला, गणित करावं लागत नाही.

१६ नोव्हेंबर

मापांची यादी केली. चेतापारेषक, म्हणजे पुढच्या पेशीला निरोप देणारं रसायन, साठवणाऱ्या पुटिकेचा (आकृतीतल्या गोल पिशवीचा) व्यास साधारण ४० नॅनोमीटर, म्हणजे आमच्याकडे ४० मिलिमीटर. बारावीतला एक मुलगा जिल्हास्तरावर टेबल टेनिस खेळतो. तो म्हणाला, "मॅडम, बॉल तेवढाच असतो." खरंच. २००० साली ३८ मिलिमीटरचा चेंडू जाऊन ४० चा आला, तेच माप आजही चालतं. थर्माकोलचे गोळे स्वस्त पडले असते, पण सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे आणि शाळेनंच ती मोडावी हे बरं दिसत नाही.

दोन पेशींमधली फट २० नॅनोमीटर: दोन सेंटिमीटर. पेशीपटल पाच मिलिमीटर जाड. गाठ किती मोठी धरायची, यावर वेळ गेला. उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) गाठी लहान असतात, काही ठिकाणी याहून कितीतरी मोठ्या. शेवटी जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या गटाचं २०१४ चं काम आधाराला घेतलं. त्यांनी प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या उंदराच्या मेंदूतून गाठी वेगळ्या करून त्यांतली प्रथिनं जातवार मोजली. त्यांच्या सरासरी गाठीचं घनफळ सुमारे ०.३७ घन मायक्रोमीटर आणि आत सुमारे ३८० पुटिका. आमच्या प्रमाणात ८९ सेंटिमीटर व्यासाचा गोळा.

मग मुलांनीच पुढचं गणित केलं आणि वर्ग गप्प झाला. एका चेंडूचं घनफळ साडेतेहतीस घन सेंटिमीटर. ३८० चेंडूंचे मिळून पावणेतेरा लिटर. गोळ्याचं घनफळ ३७० लिटर. म्हणजे सगळ्या पुटिका मिळून गाठीची साडेतीन टक्के जागा व्यापतात! "एवढी मोठी गाठ अन् चेंडू एवढुसे? दिसायचे तरी का?" असा प्रश्न आला.

रास्त प्रश्न आहे. पुस्तकातली आकृती दोन गोष्टी एकदम करते: पुटिका आहेत त्याच्या कितीतरी पट मोठ्या काढते आणि शेकडोंच्या जागी पाच-सहाच काढते. त्यामुळे बोंड भरल्यासारखं वाटतं. खऱ्या मापात काढलं तर पुटिका बारीक आणि ढीगभर, आणि सबंध गाठीत पसरलेल्या नसून एका बाजूला दाटलेल्या. इतक्या मोकळ्या जागेत त्या एकाच बाजूला का राहतात, हा प्रश्न आता आकड्यांनीच उभा केला. मला तो माझ्या तोंडून विचारावा लागला नाही याचा आनंद.

२३ नोव्हेंबर

मधले दिवस निवडणुकीच्या कामात गेले. २० ला मतदान, त्याआधी प्रशिक्षण, पेट्या पोचवणं. आज निकाल, बाहेर दुपारपासून गुलाल आणि डीजे. प्रयोगशाळेच्या खिडक्या लावून बसलो आणि संगणकावर माणसाचा खरा मेंदू पाहिला.

हार्वर्ड आणि गूगलच्या मंडळींनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या एका तुकड्याचे पाच हजारांवर काप केले. प्रत्येक काप सुमारे ३३ नॅनोमीटर जाड, म्हणजे एका पुटिकेपेक्षाही पातळ. सगळ्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं फोटो काढून जोडले. तुकडा साधारण एक घन मिलिमीटरचा, त्यात ५७ हजार पेशी आणि सुमारे १५ कोटी सिनॅप्स, म्हणजे दोन पेशींमधले असे सांधे. माहिती १.४ पेटाबाइट. हे काम मे २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं, पण चित्रं सगळ्यांसाठी मोफत खुली आहेत. शाळेच्या नेटवर एकेक चौकोन हळूहळू उघडत होता, तरी कुणी जागचं हललं नाही.

फोटोचा एक ठिपका चार नॅनोमीटरचा, म्हणजे पुटिका दहा ठिपके रुंद. धुरकट करडी वर्तुळं दिसतात, एकमेकांना खेटून. त्यांच्या एका कडेला पटल गडद झालेलं, फटीपलीकडे त्याहून जाड काळी पट्टी. बाकीची गाठ फिकट. एखादीत तंतुकणिका (ऊर्जा पुरवणारा पेशीचा भाग) असते, कित्येकींत नसतेच. घरून सीताफळ आणलेल्या मुलीनं ते उघडून पडद्याशेजारी धरलं: गर असा एकमेकांना चिकटून, प्रत्येक बी आपापल्या पाकळीत. तुलना चांगली आहे, फक्त सीताफळात सालीपर्यंत सगळीकडे गर असतो आणि इथं तो एका कुशीला.

तंतुकणिका ठेवायची ठरली. २५ सेंटिमीटर जाड, एक. पीव्हीसी पाइप आणि कागदाचा लगदा.

२ डिसेंबर

चेंडू आले. गंजगोलाईतल्या दुकानदारानं सरावाचे, बिनशिक्क्याचे घाऊक भावात दिले. व्हर्नियरनं काही मोजले. कुणी ३९, कुणी साडेचाळीस. खऱ्या पुटिकाही एका मापाच्या नसतात, तेव्हा परत करण्याचा प्रश्न नाही.

प्रथिनांसाठी ज्वारी. मध्यम आकाराचं गोलसर प्रथिन पाचएक नॅनोमीटरचं असतं, मालदांडीचा दाणा साधारण तेवढ्याच मिलिमीटरचा. गॉटिंगेनच्या मंडळींनी साठ जातींच्या प्रथिनांचे मिळून तीन लाख रेणू आपल्या संगणकी मॉडेलमध्ये मांडले होते. शंभर दाणे तराजूवर घातले आणि हिशोब केला: तीन लाख दाणे म्हणजे सुमारे दहा किलो. औशाच्या मुलानं घरून दहा किलोची थैली आणली. "आई म्हणाली, प्रदर्शन झाल्यावर दळून आणा."

गाठीत हे सगळे दाणे सुटे ओतायचे नाहीत. काचेच्या मोठ्या बरणीत भरून शेजारी ठेवायचे, वर चिठ्ठी: 'एका टोकातली मोजलेली प्रथिनं. न मोजलेल्या जाती वेगळ्याच.'

९ डिसेंबर

आज दोऱ्याचा दिवस. या कामाचा गाभा हाच, म्हणून सविस्तर लिहिते.

पुटिका पहिल्यांदा दिसल्या १९५४-५५ च्या सुमारास. अमेरिकेतच एकीकडे पॅलेड आणि पॅले, दुसरीकडे डी रॉबर्टिस आणि बेनेट, दोन्हीकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी आल्याबरोबर. त्याआधीचा स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल साध्या सूक्ष्मदर्शकानं आयुष्यभर चेतापेशी पाहत बसला, पण त्याला हे दिसणं शक्य नव्हतं. प्रकाशाची मर्यादाच २०० नॅनोमीटरच्या आसपास. गंमत म्हणजे १९५४ मध्येच लंडनमध्ये देल कास्टिलो आणि काट्झ यांनी बेडकाच्या स्नायूवर मोजून दाखवलं होतं की चेतापारेषक वाटेल त्या प्रमाणात सुटत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी सुटतो. पुड्यांचा हिशोब मांडला गेला आणि त्या दिसल्या साधारण एकाच सुमाराला. काट्झ यांना १९७० मध्ये नोबेल मिळालं.

पण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी ऊतक रसायनांत मुरवावं लागे, मग त्यातलं पाणी काढायचं, मग जड धातूंनी रंगवायचं. एवढ्या सोपस्कारांत नाजूक धागे टिकत नाहीत किंवा गोळा होऊन ओळखू येत नाहीत. पुटिका ठळक दिसतात, त्यांना धरणारं काही दिसत नाही. आमच्या आकृतीतला रिकामेपणा तिथून आलेला आहे. चित्रकारानं सूक्ष्मदर्शकात जे दिसलं ते साफ करून काढलं, आणि पुढच्यांनी ते आणखी साफ केलं.

ऊतक क्षणात गोठवलं तर बर्फाचे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही आणि आतलं जिथल्या तिथं राहतं. २०१० मध्ये जर्मनीतल्याच एका गटानं असे गोठवलेले सिनॅप्स न रंगवता, तिरके करून करून पाहिले आणि तिन्ही मितींत जोडले. बहुतेक पुटिका शेजारच्या पुटिकेला आखूड दुव्यांनी जोडलेल्या निघाल्या. पटलाजवळच्या पुटिका दोऱ्यांनी थेट पटलाला बांधलेल्या, आणि सुटायला तयार असलेल्यांना असे आखूड दोरे एकाहून जास्त.

दुवे कशाचे, याचं एक जुनं उत्तर सिनॅप्सिन. पॉल ग्रीनगार्ड यांच्या प्रयोगशाळेनं हे प्रथिन सत्तरच्या दशकात शोधलं. ते पुटिकांच्या अंगाला चिकटतं आणि पेशीनं त्याला फॉस्फेट लावलं की पकड सैल होते. २०१८ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: शुद्ध सिनॅप्सिन पाण्यात ठेवलं तर त्याचे तेलासारखे वेगळे थेंब होतात आणि पुटिका त्या थेंबात ओढल्या जातात. म्हणजे हा पुंजका दोरीनं आवळलेला गठ्ठा आहे की एक घट्ट थेंब? माझं मत विचाराल तर दोन्ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं असावीत. पण मॉडेलमध्ये थेंब दाखवता येत नाही आणि सुतळी दाखवता येते, तेव्हा सुतळी.

प्रत्येक चेंडूला एक-दोन शेजाऱ्यांशी एक सेंटिमीटरच्या सुतळीनं जोडायचं. फेविकॉल सुटतो, प्लास्टिकच्या चेंडूवर एरल्डाइट लागतं. मुलींनी गठ्ठे वाटून घेतले.

१७ डिसेंबर

सक्रिय क्षेत्र. पटलाचा जो तुकडा प्रत्यक्ष पुटिका सोडतो तो. १९९७ मध्ये शिकोर्स्की आणि स्टीव्हन्स यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोजलेलं सरासरी क्षेत्र ०.०४ चौरस मायक्रोमीटरच्या जवळ, त्यावर टेकलेल्या पुटिका दहाएक. आमच्याकडे साडेबावीस सेंटिमीटर व्यासाची थाळी. सबंध गाठीतला दरवाजा तेवढाच.

थाळीवर काय मांडायचं, यावर आज बरीच घासाघीस झाली. प्रथिनांची नावं भराभर येतात: रिम, मंक१३, रिम-बीपी, एल्क्स, लिप्रिन. शिवाय बॅसून आणि पिकोलो ही दोन अवाढव्य, वाद्यांची नावं लावलेली. ज्वारीच्या दाण्याचं माप त्यांना लागू नाही, ती लांबलचक दोरीसारखी. मुलांना नावं पाठ करायचा उत्साह (सवय जात नाही), मी म्हटलं, नावं कार्डावर जातील, थाळीवर फक्त कामं दाखवायची. रिम पुटिकेला धरतं, पुटिकेला सुटायला तयार करणाऱ्या मंक१३ ला धरतं, आणि कॅल्शियम चॅनेललाही (पटलातलं कॅल्शियमचं दार) धरतं. एकच प्रथिन तिघांना एका जागी आणतं. हे दाखवलं की पुष्कळ झालं.

कारण पुटिका सुटते ती कॅल्शियमच्या इशाऱ्यानं, आणि सगळा खेळ अंतराचा आहे. मुलांकडून हा हिशोब करून घेतला: शांत असताना गाठीतल्या सुट्या कॅल्शियमचं प्रमाण सुमारे १०० नॅनोमोलर. ०.३७ घन मायक्रोमीटरमध्ये याचे आयन किती? अॅव्होगाड्रोचा आकडा घातला, उत्तर आलं २२. सबंध गाठीत जेमतेम बावीस! बाहेर मात्र प्रमाण दहा हजार पट. विद्युतसंदेश आला की चॅनेल उघडतात आणि कॅल्शियम आत घुसतं, पण घुसताक्षणी आतली प्रथिनं ते पकडायला लागतात. त्यामुळे चॅनेलच्या तोंडाशी काही दहा नॅनोमीटरपर्यंतच क्षणभर दाट ढग तयार होतो. ज्या पुटिकेशी चॅनेल दोन सेंटिमीटरवर (आमच्या मापानं) आहे ती सुटण्याची शक्यता चांगली. दहा सेंटिमीटरवर असेल तर बरीच कमी. म्हणून मी चॅनेलच्या जागी मण्यांची माळ कुठेही चिकटवू दिली नाही. पट्टी लावून, चेंडूच्या बुडाशी.

बावीस आयनसाठी लाल रांगोळीचे बावीस कण. आयनाच्या मापाला तेवढेच जवळ जातात. ८९ सेंटिमीटरच्या गोळ्यात बावीस कण टाकायचे आणि लोकांना शोधायला सांगायचं, ही कल्पना अकरावीच्या पोरांची. मंजूर.

चेंडूंपैकी एकच पूर्ण सजवायचा. रेनहार्ड यान यांच्या गटानं २००६ मध्ये एका पुटिकेची मोजदाद केली: पटलाशी जुळवणाऱ्या सिनॅप्टोब्रेव्हिनच्या सुमारे ७० प्रती, कॅल्शियम ओळखणाऱ्या सिनॅप्टोटॅग्मिनच्या १५, आणि आत प्रोटॉन ढकलणारा पंप एखाद-दुसराच. तो पंप मात्र दोन सेंटिमीटरहून उंच, चेंडूवर मोठा खुंटा ठोकल्यासारखा दिसतो. त्याच्याच जोरावर पुटिकेत चेतापारेषक भरला जातो. एका अंदाजाप्रमाणे ग्लुटामेटचे सुमारे १८०० रेणू. टाचण्या, मणी, लोकरीचे तुकडे लावता लावता चेंडूचं पांढरं अंग दिसेनासं झालं. बरोबर आहे. खऱ्या पुटिकेचंही तसंच आहे.

३१ डिसेंबर

काल येळवस. औशाच्या मुलाच्या शेतात सगळ्यांना बोलावणं होतं. कडब्याची कोप, पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील. ज्वारी कणसात आलेली. जेवणं झाल्यावर मुलाच्या मामांनी विचारलं, "लेकरं कामून एवढे चेंडू बांधायलेत?" सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग पावसाळ्यातली स्वतःची गोष्ट सांगितली.

रात्री खाली झोपले होते. पहाटे पोट दुखायला लागलं, पापण्या उघडेनात, बोलताना जीभ जड. कुठं चावल्याची खूण नाही, सूज नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास अडायला लागला. मण्यार. बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते. "सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर काय बोलतात, बहीण रडते, सगळं. बोटसुद्धा हलवता येत नव्हतं."

हे ऐकताना माझ्या डोक्यात आमचा गोळाच होता. नागाचं चेतापेशींवरचं विष मुख्यतः स्नायूच्या बाजूला, चेतापारेषक टिपणाऱ्या ग्राहीप्रथिनांवर बसतं. टोक शाबूत राहतं. मण्यारीच्या विषातले बीटा-बंगारोटॉक्सिनसारखे घटक टोकालाच धरतात. ते पटलातली मेदद्रव्यं तोडतात, पुटिका संपतात आणि टोक आतून उद्ध्वस्त होतं. म्हणून नागदंशात चेतापारेषक टिकवून धरणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधानं बऱ्याचदा फरक पडतो आणि मण्यारीच्या दंशात सहसा पडत नाही. सोडायला पुटिकाच उरल्या नाहीत तर सुटलेला चेतापारेषक टिकवून काय उपयोग? प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, मोडलेलं टोक ते बांधू शकत नाही. ते शरीराला पुन्हा उभारावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. तोपर्यंत श्वास यंत्रानं द्यायचा. मेंदूतली टोकं मात्र या विषापासून दूर राहतात, म्हणून मामांना सगळं ऐकू येत होतं.

आमचं मॉडेल मेंदूतल्या टोकाचं, हे स्नायूवरचं. पण घडण तीच. प्रदर्शनात एक वेगळा फलक लावायचा: मच्छरदाणी लावून झोपणं, जमिनीवर न झोपणं, खूण नसली तरी पहाटेचं पोटदुखीचं आणि जड पापण्यांचं दुखणं अंगावर न काढणं, मांत्रिकाकडे वेळ न घालवणं. मामांनी फलकासाठी नाव द्यायला नको म्हटलं, गोष्ट द्यायला हो म्हटलं.

याच फलकावर धनुर्वात. त्याचं विष सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं, हे १९९२ मध्ये कळलं. आमच्या सजवलेल्या चेंडूवरच्या त्या ७० टाचण्या. पुटिका पटलाशी जुळायची तर ही टाचणी समोरच्या पटलावरच्या सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५ या प्रथिनांशी पीळ घालून वळावी लागते. कापली की पुटिका जागेवर राहते आणि सुटत मात्र नाही. पुटिकांच्या वाहतुकीची यंत्रणा उलगडणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि ज्यूडहोफ यांना २०१३ चं नोबेल.

११ जानेवारी २०२५

गोळ्याचा सांगाडा वेल्डिंगवाल्याकडून आला. लोखंडी कड्या, वर कोंबडीजाळी, त्यावर लगदा. पटल पाच मिलिमीटरच ठेवायचं असल्यानं लगदा सुकता सुकता खचला. आतून सात मिलिमीटरच्या दोरीचा आधार दिला. अॅक्टिनचे (पेशीच्या सांगाड्यातले) धागे तेवढेच जाड असतात, तेव्हा आधारही प्रमाणात बसला.

प्रयोगशाळेचं दार तीन फुटी. गोळा ८९ सेंटिमीटर, चौकट धरून जात नाही. तसाही अर्धा उघडा ठेवायचाच होता, म्हणून दोन फाका केल्या.

२२ जानेवारी

पुटिका सुटल्यावर पुढे काय, हे दाखवायचं राहिलं होतं. यावर पन्नास वर्षं भांडण आहे. १९७३ मध्ये ह्यूसर आणि रीझ यांनी बेडकाच्या टोकात पाहिलं: पुटिका पटलात मिसळते, मग थोड्या दूर क्लॅथ्रिन या प्रथिनाची टोपली लावून पटल परत आत ओढलं जातं. त्याच काळात चेकारेली म्हणत होते, पुटिका टेकते, सोडते आणि तशीच मागे फिरते. २०१३ मध्ये वातानाबे आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशी प्रकाशानं चेतवून काही मिलिसेकंदांनी गोठवल्या. सक्रिय क्षेत्राच्या कडेला पटल ५० ते १०० मिलिसेकंदांत परत घेतलेलं दिसलं, क्लॅथ्रिनला वेळ मिळण्याआधीच. शिवाय गॉटिंगेनच्या मोजणीत परत घेणारी प्रथिनं एका वेळी दहाएक टक्के पुटिकांनाच पुरतील एवढी निघाली.

आम्ही थाळीच्या कडेला एक खळगा केला आणि मागे एक जाळीची टोपली ठेवली. चेकारेलींचा तिसरा पक्ष कार्डावर. जागा नाही.

१० फेब्रुवारी

उद्यापासून बारावीची परीक्षा. मोठ्यांनी किल्ल्या अकरावीकडे दिल्या. सभागृह परीक्षा केंद्रात गेलं, प्रदर्शन प्रयोगशाळेतच.

२८ फेब्रुवारी

सकाळपासून गर्दी. सगळ्यात जास्त वेळ लोक रांगोळीचे कण शोधत होते, मोबाइलचा दिवा लावून. चार-पाचांहून जास्त कुणाला सापडले नाहीत.

"एवढे चेंडू, मग एका वेळी किती सुटतात?" हा प्रश्न दिवसभर आला. सहसा एक. आणि मेंदूतल्या पुष्कळ टोकांत संदेश आला तरी बहुतेक वेळा एकही नाही. लोकांना हे पटत नाही, चेहऱ्यावर दिसतं. एका पालकांनी स्पष्टच विचारलं, मग हा सारा पसारा कशाला? अकरावीच्या मुलीनं दिलेलं उत्तर मला आवडलं: सुटेल तो चेंडू आधीच जागेवर, तयार, चॅनेलला खेटून पाहिजे. संदेश आल्यावर मिलिसेकंदाच्या आत सुटायचं, तेव्हा बांधायला वेळ कुठून आणणार?

एका आजींनी यजमानांच्या कंपवाताबद्दल विचारलं. अल्फा-सिन्यूक्लिन हे छोटं प्रथिन याच टोकांत भरपूर असतं आणि कंपवातात पेशींत त्याच्या गाठी साचतात, एवढं सांगितलं. बरणीतले दाणे दाखवून "यातलं कुठलं?" असं त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी काही दाणे रंगवायला हवेत.

मामा आले होते. स्वतःच्या फलकाजवळ उभे राहून लोकांना मच्छरदाणीचं सांगत होते, आमच्या मुलांपेक्षा चांगलं.

३ मार्च

आवराआवर. ज्वारी परत गेली. गोळा कपाटावर. फटीपलीकडची बाजू आपण कोरी सोडली होती, ती पुढच्या वर्षी करायची. २०१६ मध्ये असं दिसलं की पलीकडच्या ग्राहीप्रथिनांचे पुंजके अलीकडच्या सोडण्याच्या जागांच्या बरोबर समोर जुळलेले असतात. म्हणजे आपल्या दहा चेंडूंच्या जागा आत्ताच उतरवून ठेवल्या पाहिजेत. दोरे ढिले पडले की मापं जातील. अकरावीच्या दोघांनी थाळीवर ट्रेसिंग पेपर लावलाय.